रुंद डोक्याची काठी

थोरली : तो गॅस बंद करा आधी, बाबा. मग बोलू.

बाबा : काठीचं जाळीचं डोकं उकळत्या पाण्यात आत्ता कुठे मऊ झालंय. सोडलं तर वाकडं होईल. तू बोल, कान मोकळे आहेत माझे.

थोरली : कुणाची आहे?

बाबा : धाकटीची. सोमवारी निघायचंय तिला संघाबरोबर.

आत्या : अरे दादा, हिची निवड कालच हुकली आणि तू हिच्याच डोळ्यांदेखत ते घेऊन बसलास? मला तुमच्या या लॅक्रॉसमधलं ओ की ठो कळत नाही. काठीच्या जाळीत चेंडू झेलायचा, पळायचं आणि गोलात फेकायचा, एवढंच ना? मग काल खेळताना हिची काठी बदलली म्हणून असं काय आभाळ कोसळलं?

थोरली : बाबांनाच विचार.

बाबा : त्यात विचारायचं काय? डोकं रुंद असलं की झेलायला सोपं, जमिनीवरचा चेंडू उचलायला सोपं. पण कुणी काठीवर काठी हाणली की चेंडू उडालाच. अरुंद केलं की घट्ट बसतो. म्हणून धाकटीचं मी गरम पाण्यात मऊ करून दोरीनं आवळतो. नियमात बसेल इतकंच हं!

आत्या : चेंडू पडत नाही, हे बरंच की मग!

थोरली : पडत नाही आत्या, तसा लवकर सुटतही नाही. नेहमीसारखं फेकायला जावं तर उशिरा निघतो आणि समोरचीच्या पायाशी आपटतो. धाकटीला सवय आहे, ती बेतानं वर फेकते. काल माझी काठी तडकली, तेव्हा बाबांनी मैदानाच्या कडेवरून दुसरी दिली. माझ्या काठीसारखीच पांढरी. तीन पास दिले, तिन्ही जमिनीत. निवड करणाऱ्या बाईंनी मान हलवली आणि मला बाहेर बसवलं.

बाबा : घाईत हाताला आली ती दिली. चुकलं माझं, म्हटलं ना काल.

थोरली : ती चूक मी काढतच नाहीये. पिशवीत जादा काठ्या किती होत्या?

बाबा : तीन.

थोरली : कुणाच्या?

बाबा : थांब, पाणी आटत आलंय.

आत्या : पाणी राहू दे. सांग ना.

बाबा : धाकटीच्या.

थोरली : तिन्ही?

बाबा : तिच्या हातून चेंडू सुटायचा गं. रडत घरी यायची, विसरलीस?

थोरली : आणि मी?

बाबा : तुझं काय! तुझ्या हातात झाडू दिला असता तरी खेळली असतीस तू. नऊ वर्षांत एक तक्रार नाही.

आत्या : दादा, तू गप्प बसलास तर बरं.

थोरली : बोलू दे त्यांना. मला वाटायचं, मी बचावाला खेळते म्हणून बाबा मला रुंद डोकं देतात. चेंडू हिसकवायचा आणि धाकटीला द्यायचा, हेच माझं काम. काल ती आवळलेली काठी हातात आली. दोघीजणी हाणत होत्या, चेंडू हलला नाही जागचा. अर्धं मैदान पळाले मी. पळताना हसू येत होतं मला, आत्या. म्हटलं, हे असं असतं होय! धाकटीला हे रोज मिळतं! आणि मग पास द्यायची वेळ आली.

बाबा : तुलाही आवळून देतो. आजच्या आज देतो.

थोरली : तेविशीच्या आतल्यांचा संघ होता तो, माझी शेवटची संधी. पुढच्या महिन्यात मला तेविसावं संपून चोविसावं लागेल, हे तरी माहीत आहे का तुम्हाला?

(बाबा गॅस बंद करतात.)

बाबा : तुझ्याकडे बघायची कधी गरजच वाटली नाही गं. भरवसा होता तुझ्यावर.

थोरली : थोडा कमी ठेवला असतात तर बरं झालं असतं.