सातव्या फेरीतलं नाव

लॉरेन : सहाव्या फेरीत आपली टीम कुणाला निवडेल, काय लिहू? बोला लवकर बाबा, अकराला पोचायचंय आपल्याला.

चेस्टर : आयोवाच्या कॉलेजातला तो जाड मानेचा पोरगा. नाव कडेला खरडलेलं असेल बघ.

लॉरेन : लिहिलं. बारमधले म्हणतील, चेस्टर नोविकीनं यंदा अंदाजांची यादी मुलीकडून लिहून घेतली.

चेस्टर : म्हणू देत. प्लॅस्टरमधल्या हातानं पेन्सिल धरून दाखवा म्हणावं. आणि त्यांना काय कळतंय? परवा पहिल्या फेरीत आपल्या शहाण्यांनी काय केलं? बचावाला एवढं भगदाड पडलंय आणि ह्यांनी उचलला चेंडू झेलणारा. साठ वर्षं ह्या फुटबॉल टीमसाठी बर्फात बसतोय मी. मला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.

लॉरेन : बरं. सातवी?

चेस्टर : सातवी राहू दे कोरी.

लॉरेन : कोरी कशी? पंचवीस वर्षं तिथं आपल्या वॉलीचं नाव असतं. बारमध्येसुद्धा कुणी कधी हसलं नाही त्याला.

चेस्टर : ठाऊक आहे मला.

लॉरेन : तो खाली आला की आधी यादी बघणार. स्वतःचं नाव दिसलं की दिवसभर शांत असतो. आज तर शांत असायलाच हवा.

चेस्टर : आज त्याला घरातनं बाहेर काढतोय मी. आणि वर त्याचं नाव लिहू, होय?

लॉरेन : बाहेर काढताय काय? त्यानं तुमचं मनगट मोडलं. आणि नंतर तुम्हालाच विचारत बसला, बाबा, कुणी मारलं तुम्हाला? उद्या जिन्यावरून ढकलेल. तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे. तो सेहेचाळीसचा, नि अजून बैलासारखा दणकट. बटाव्हियाच्या त्या संस्थेत त्याला बघायला माणसं आहेत.

चेस्टर : आहेत. चांगली आहेत. म्हणून काय झालं?

लॉरेन : मी सांगते तसं करू. त्याला म्हणू, फोन आला होता, तुला टीममध्ये घेतलं. हसत गाडीत बसेल.

चेस्टर : नाही.

लॉरेन : मग काय सांगणार? आता हे घर तुझं नाही, असं?

चेस्टर : खोटं बोलणार नाही. एकदा बोललो तेवढं पुरे झालं.

लॉरेन : कधी बोललात?

चेस्टर : त्याच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, नोव्हेंबरात. सरावात डोकं आपटलं त्याचं. संध्याकाळी मोटेलात माझ्यादेखत चार वेळा ओकला. आज वार कोणता विचारलं, तर सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मॅच. आपल्या टीमचा माणूस खास त्याला बघायला यायचा होता. सकाळी डॉक्टरनं मला विचारलं, पोराला काय झालंय? मी म्हटलं, काल मासळी बाधली.

लॉरेन : तुम्ही म्हणालात?

चेस्टर : मी.

लॉरेन : वॉलीनंच लपवलं, असं सांगितलंत तुम्ही आम्हाला. आई मरेपर्यंत त्याला बोल लावत होती.

चेस्टर : हो. आणि मी शेजारी बसून ऐकत होतो. त्याला बजावलं होतं मी, डोक्याचं कुणाला सांगायचं नाही. शहाणा पोर, नाही सांगितलं त्यानं. मॅचमध्ये पुन्हा त्याच जागी मार बसला. दोघांनी धरून बाहेर आणला, तर माझ्याकडे बघून हात हलवत होता. एप्रिलात निवडीच्या सातही फेऱ्या संपेपर्यंत फोनजवळ बसून होता, कुणाचा फोन आला नाही. तिथून उठलाच नाही तो.

लॉरेन : हे आज का सांगताय मला?

चेस्टर : काल तिथल्या नर्सचा फोन आला. जागा पक्की झाली म्हणाली. मग विचारलं, डोक्याला पहिला मार कधी बसला? तिला खरं सांगितलं. ती लिहून घेत होती, मी सांगत होतो. परक्या बाईला सांगितलं, मग तुला कसं नको?

लॉरेन : पंचवीस वर्षं, बाबा.

चेस्टर : बोल काय बोलायचं ते.

लॉरेन : आत्ता नाही. आत्ता सुरू केलं तर मी थांबणार नाही.

(वॉली जिना उतरून येतो. हातात भरलेली बॅग.)

वॉली : ही माझ्या खोलीत होती. आत माझेच कपडे आहेत.

लॉरेन : हो रे. मीच भरली.

वॉली : आज शनिवार. आज सातवी फेरी. यादी कुठंय? फ्रिजवर नाहीये.

चेस्टर : ही काय. व्हायचीय अजून.

वॉली : सातव्यात कुणी नाही. बाबा, माझं नाव नाही.

चेस्टर : वॉली, बस इथं जरा.

वॉली : आणि बॅग भरलीय. लॉरेन, बॅग का भरलीस? फोन आला?

लॉरेन : बाबांना विचार.

वॉली : फोन आला, बाबा?

चेस्टर : आला. काल आला.

वॉली : घेतलं मला?

चेस्टर : घेतलं. लॉरेन, पेन्सिल दे इकडे.

लॉरेन : राहू द्या, मी लिहिते.

चेस्टर : नको. डाव्या हातानं लिहितो.

वॉली : आपल्याच टीमनं घेतलं?

चेस्टर : नाही. बटाव्हियाला जायचंय. पाऊण तास लागेल.

वॉली : जवळच आहे की. तुम्ही याल?

चेस्टर : दर रविवारी.

वॉली : वाकडं आलंय नाव.

चेस्टर : येऊ दे. बूट घाल.

वॉली : बाबा, डोक्याचं त्यांना सांगायचं नाही ना?

चेस्टर : मी सांगितलं. पहिल्यापासून सगळं.

वॉली : सगळं? तरी घेतलं?

चेस्टर : हो. तरी घेतलं.