इंजिनवाल्याचे बिल्ले

मुलाखतीच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक बहीण-भाऊ बसले होते. भाऊ मोबाइलवर पाणबुडीचा खेळ खेळत होता.

"ठेव तो मोबाइल. आत कधीही बोलावतील."

"थांब ताई, पाणबुडी खाली नेतोय."

"बुडेल ना."

"बुडायलाच असते ती."

"आणि हा टोपीवाला कोण?"

"इंजिनवाला. डिझेल, बॅटरी, दुरुस्ती, सगळ्या ट्रेनिंगचे बिल्ले मी त्याला मिळवून दिलेत."

"म्हणजे तुझ्यासारखाच. तुझी काय कमी सर्टिफिकेटं आहेत?"

"म्हणूनच बघितलं, बिल्ल्यांनी काही फरक पडतो का. काल त्याला जागेवरून हटवलं आणि इंजिनावर स्वयंपाक्याला बसवलं."

"मग?"

"बोट तेवढीच पळाली. गळतीसुद्धा तेवढ्याच वेळात बुजली."

"अरे, खेळ आहे तो."

"कारखान्यात माझ्या जागी साहेबांचा मेहुणा बसलाय. बॉयलर चालतोच आहे, ताई."

"तो विषय आज नको."

"बरं."

"त्या इंजिनवाल्याचं काय केलंस मग?"

"काही नाही. झोपवून ठेवलाय. या खेळात कोणाला घरी पाठवता येत नाही."

"चल, तुला बोलावलं. फाईल घे."

"राहू दे तुझ्याकडेच. हा मोबाइलही धर."

तो मोकळ्या हातांनी आत गेला. दार लागलं. तिने पडद्यावरच्या पाणबुडीवर दोन-तीनदा बोट फिरवून पाहिलं, मग माझ्याकडे वळली.

"दादा, तुम्हाला यातलं काही कळतं का? हिला वर कसं आणायचं?"