फळीवरचा पंप

(अकोटचे मोटार मिस्त्री सलीमभाई यांनी आपल्या दुकानात बसून सांगितलं, ते त्यांच्याच बोलीत उतरवलं आहे.)

आमी मूळचे अंजनगावचे, अंजनगाव सुर्जी, तिथं माहे अब्बा इंजिन दुरुस्त करत. मोटारीचं नाई बरं, विहिरीवरचं इंजिन, डिझेलवर चालनारं, पानी उपसनारं. तवा गावोगाव पानमळे होते, संत्र्याचे बगीचे होते, आन् सकाळी उठून कोन्याही रस्त्यानं निघा, चहूकडून इंजिनाचा आवाज येये. अब्बा सायकलीले पान्या-पेचकसाची थैली लटकवून हिंडत. मंग मामानं अकोटले बोलावलं, जिनिंगच्या मशिनीचं काम होतं, तर आमी सारे इकडे आलो, मी तवा तिसरीत असन. तवापासून इथंच हावो. घरात आमी हिंदी बोलतो, गिऱ्हाइकासोबत असं, तुमच्यासोबत बोलून राहिलो तसं.

अब्बाची एक रीत होती, ती तुमाले सांगतली पायजे, कावून का सारी गोष्ट तिथंच अडकली हाये. इंजिन बिघडलं म्हनून कोनी बोलावलं तर अब्बा आधी खोलत नसत. पेचकसाचं, म्हनजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक इंजिनवर टेकवत आन् मूठ कानाले लावत, डोळे मिटत, आन् सांगत का कोन्या बेरिंगचं काम हाये. डाक्टरच्या नळीवानी. आन् आवाज साफ असला तर हात लावत नसत. मले म्हनत, बेटा, चलती मशीन को खोलना नहीं. तीच रीत मी उचलली. चाळीस वर्सं मी गाड्या कानानं पाहिल्या. लोक अकोल्याहून येत, म्हनत, सलीमभाई, जरा कान लावून पाहा. आता सांगाले लाज वाटते, पन मले त्याची लय घमेंड होती.

वसंता माहा दोस्त, चौथीपासूनचा. वसंतराव म्हना तुमी, मी वसंताच म्हनतो. इथून तीन कोसावर त्याचं गाव, काळी जमीन, खाऊनपिऊन बरा मानूस. अब्बा गेले, विहिरी आटल्या, इंजिनं भंगारात गेले, मी मोटारीच्या कामाले लागलो, तवा पहिली जीप वसंतानंच आनून देल्ली दुरुस्तीले. त्याची बायको सुमनवहिनी. तिच्या हातची अंबाडीची भाजी, काय सांगू तुमाले. वसंता बजाराले आला का डबा माह्या दुकानावर. वसंताच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू, एका डोळ्याचं आपरेशन बिघडलं तवापासून दुसऱ्याले हात लावू देत नाई, तर वहिनी रोज दुपारी त्याले पेपर वाचून दाखवे. मराठी शाळेत सातवी शिकेल होती, पन वाचे एकदम मास्तरनीवानी. मरनाच्या बातम्या तेवढ्या गाळून टाके.

त्या सालात त्याच बातम्या लय राहत. कापूस होये तर भाव नाई, भाव आला तर बोंडअळी. गावात कोनी ना कोनी औषध घेये, फवारनीचं. तवा मानसाले अकोल्याले न्यायाचं म्हनजे गाडी शोधन्यातच जीव जाये. आन् वसंताचा पोरगा, नितीन, पुन्याले इंजिनिअर, त्यानं नवी गाडी घेतली तवा जुनी बापाले पाठवून देल्ली. परदेशी गाडी, काळी, लंबी. गावात ती पहिल्यांदा आली तवा लोकाइनं तिले हळदकुंकू लावलं. वसंताले तर चालवता येत नोती, डोळे असे, तर मी नाईतर गावातला कोनी चालवे. आन् ती गाडी गावाची झाली बाप्पा. औषध घेतलेले तीन मानसं त्या गाडीनं वाचवले. तिघंही आज जिते हायेत, एक तर परवा इथं पंचर काढाले आलता.

तर नितीनचा फोन आला एक दिवस. तो मले चाचा म्हनते. म्हने, चाचा, या गाडीचा पान्याचा पंप विजेवर चालते, त्याले पट्टा नाई. हा पंप बंद पडायच्या आधी काही सांगत नाई, आज चालू आन् उद्या बंद. गाडी लय चालली हाये, उनात धावते, तुमी तो बदलून टाका, मी नवा पाठवतो. मी म्हनलं, अरे, चालू हाये ना. तो म्हने, चालू हाये म्हनूनच बदला.

आता पान्याचा पंप म्हनजे काय, तर इंजिन तापू नये म्हनून त्याच्यात पानी फिरवनारा. जुन्या गाडीत तो पट्ट्यावर चाले आन् जायच्या आधी महिना महिना सांगे. पानी ठिबके, बेरिंग कुरकुरे, मानूस बहिरा असला तरी त्याले समजे. नितीननं खरंच पाठवला, ट्रॅव्हल्सनं, पांढऱ्या खोक्यात, संगं नवे बोल्ट. मी गाडी बोलावली, खालून शिरलो, पंपाले पेचकस लावला, मूठ कानाले. बारीक घूं असा आवाज, एकसारखा, कुठं खरखर नाई. वसंता बाजूले खुर्चीवर बसेल. म्हने, काय म्हनते सलीम. मी म्हनलं, एकदम साफ हाये, चालता पुर्जा कशाले काढायचा, पडू दे नवा फळीवर, कामी येईन. वसंता म्हने, तू म्हनशीन तसं.

तुमाले वाटन का ही अब्बाची रीत. मीही लय दिवस सोताले तेच सांगतलं. पन खरं ते नाई, आन् आज सांगतो, मी कोनाले सांगतलं नाई. मले तो पंप बसवता येत नोता. ते बोल्ट अल्युमिनियमचे, एकदा खोलले का फेकावे लागते, जोर जास्त झाला का तुटते. आन् पंप बसवल्यावर त्यातली हवा काढाले गाडीच्या कंप्युटरले हुकूम द्यावा लागते. मी त्या गाडीच्या खाली झोपून पाहून राहिलो आन् मले काहीच समजून राहिलं नोतं. मले एवढंच म्हनायचं होतं का वसंता, हे माह्याच्यानं होत नाई, गाडी अमरावतीले ने, तिथं ते कंप्युटरवाले पोट्टे हायेत. एवढं एक वाक्य. ते माह्या तोंडातून निघालं नाई. मंग मी कानाचं नाव सांगतलं.

खोकं सात महिने त्या फळीवर होतं. ती, तुमच्या डोक्यावरची. रोज सकाळी शटर उघडलं का ते दिसे. मी त्याच्यासमोर ऑइलचा डबा ठेवला.

मे महिना होता. इथं अकोटात लगन होतं, वसंता आन् वहिनी आलते, गाडी माह्या दुकानासमोर सावलीत लावेल. जेवनं झाले आन् वहिनीले घाम सुटला, छाती धरून बसली. इथल्या डाक्टरनं ईसीजीची पट्टी काढली, म्हने, अकोल्याले घेऊन जा लगेच, वेळ नका लावू. दुसरी गाडी पाहाची कशाले, गाडी दारात, मिस्त्री संगं. वसंतानं सगळ्याइले सांगतलं, सलीम हाये ना, काही काळजी नाई. मी चालवाले बसलो.

चोहोट्टा गेलं. गाडी लोन्यावानी चालली होती, मी तुमाले खरं सांगतो, काही कुरकुर नाई, काही नाई. गांधीग्रामचा पूल दोन-तीन किलोमीटर राहिला असन, आन् समोर मीटरात लाल बत्ती लागली. मी पाहतो तं गरमीचा काटा पार वर. गाडीनं सोताच जोर सोडला, आन् बाजूले येऊन बंद. मी बोनट उघडलं, हात भाजला. पेचकस खिशातच राहते माह्या, तो काढला, पंपाले टेकवला, कानाले लावला. काहीच नाई. काहीच आवाज नाई. मी जागा बदलून पाह्यली, आधी इकडे मंग तिकडे, वसंता मांगून इचारून राहिला, काय झालं सलीम, काय झालं, आन् मी आपला कान लावून उभा.

वहिनीनं काच खाली केली. तिले धड बोलवत नोतं. म्हने, भाऊ, डोक्याले दुपट्टा बांधा, ऊन लय हाये.

माह्यासंगं ती बोलली ते तेवढंच.

मी रस्त्यात आडवा उभा राहिलो. दोन गाड्या गेल्या, तिसरी काळीपिवळी जीप थांबली, भरेल होती, पन त्यातल्या बायाइनं पाह्यलं आन् आपून होऊन उतरल्या, एवढ्या उनात, लेकरं कडेवर घेऊन. वहिनीले त्यात निजवलं, वसंता संगं गेला. या सगळ्यात अर्धा तास गेला असन का पाऊन, मले सांगता येत नाई. मी गाडीपाशी राहिलो, तिले सोडून जाता येये ना. उनात बसलो. घंट्याभरानं काय वाटलं काय मालूम, किल्ली फिरवली. आन् पंप बोलला. घूं. तोच आवाज, एकसारखा, साफ. इंजिन सुरू झालं. आत काही तापून बंद पडलं असन आन् थंड झाल्यावर चालू झालं, ते मले मांगून समजलं. तवा मले एवढंच वाटलं का ही मशीन माही थट्टा करून राहिली.

हळू हळू चालवत अकोल्याले नेली. दवाखान्याच्या फाटकात वसंता उभा होता, एकटा. मी उतरलो. त्याच्या चेहऱ्यावरून समजलं. त्यानं गाडीकडे पाह्यलं, दिसत तर त्याले धड नाई, पन इंजिन चालू होतं ते त्यानं ऐकलं. मले म्हने, झाली चालू?

त्याच्या बोलन्यात काही नोतं हो. टोमना नाई, राग नाई. मानसाले काही सुचत नाई तवा मानूस समोरचं काहीही इचारते, तसं. मी हो म्हनलं. डाक्टर म्हने, थोडं आधी आनलं असतं तं. लोक मले म्हनते का डाक्टर सगळ्याइलेच असं म्हनते. म्हनत असन.

तेरवीले नितीननं मले बाजूले नेलं नाई, सगळ्याइच्या समोरच इचारलं, पन हळू आवाजात, चाचा, तो पंप बसवला होता ना? माह्या हातात पत्रावळ होती. माहे ओठ हलले, आन् तेवढ्यात वसंताच म्हने, अरे, त्यानं कवाच बसवला असन, नवे पुर्जेही खराब निघते, तो काय करन. आन् लोकाइकडे पाहून म्हने, भर रस्त्यात, उनात, एकट्यानं गाडी चालू करून आनली यानं, दुसऱ्या मिस्त्रीच्या बापाले जमलं नसतं. नवा पंप फळीवर पडू दे म्हनलं तवा वसंता बाजूलेच बसेल होता, तो ते इसरला का त्यानं मले झाकलं, मले अजून मालूम नाई. नितीननं माह्याकडे पाह्यलं. त्याले समजलं असन असं मले वाटते. मी खाली पाहून जेवत राहिलो. वरन होतं, भात होता, मी सारं खाल्लं.

मंग पंधरा दिवसानं मी सोता गाडी अमरावतीले नेली, फळीवरचं खोकं घेऊन. तिथं माह्या पोराच्या वयाच्या एका मिस्त्रीले म्हनलं, बेटा, मले हे येत नाई, मले शिकव. एका दिवसाचं काम निघालं. त्यानं बोल्ट कसे पिरगाळायचे ते दाखवलं, हवा कशी काढायची ते दाखवलं, चहा पाजला. एवढंच होतं ते.

तुमी आल्या आल्या इचारलं का पंप बंद पडायच्या आधी बदलावा का नाई. बदलावा. मी आता सगळ्याइले सांगतो, हा पुर्जा बोलत नाई, याच्या आवाजावर जाऊ नका, गाडी लय चालली असन तं आजच बदला. आन् जे येत नाई ते येत नाई म्हनून सांगतो, त्याच्यानं गिऱ्हाईक तुटत नाई, उलट वाढलं.

वसंता अजून तेच सांगत हिंडते. चावडीवर, बजारात, कोनी भेटला का सांगते, सलीमनं भर उनात घंट्याभरात गाडी चालू केली. मी संगं असलो तरी सांगते, माह्या खांद्यावर हात ठेवून. त्या हाताचं वजन मले रात्रीपर्यंत राहते.

चला, चहा घ्या, थंड झाला तुमचा. अल्ला तुमाले सुखी ठेवो, एवढं बसून ऐकलं तुमी. नाव बदलू नका माहं, जे सांगतलं तसंच लिहा. आन् छापून आलं का दोन प्रती नाई, एकच पाठवा. वहिनी गेल्यापासून वसंताले दुपारचा पेपर मीच वाचून दाखवतो. हेही मलेच वाचायचं हाये.