रेडिओवरची सासू

शिरूरच्या स्टँडवर दौंडची गाडी लागायची होती. बाकावर सुलक्षणा मोबाईल बघत बसली होती. शेजारच्या दोन बायकांचं बोलणं कानावर पडलं आणि मोबाईल नुसताच हातात राहिला.

"सोजराबाई, आज तुमचं नाटक आपल्या भागातल्या रेडिओला लागलं आन् तुम्ही हितं?"

"म्हणून तर सकाळीच घराबाहेर पडले. ऋतिका ऐकणार व्हती."

"ऐकू द्या की! सुनेला कौतुकच वाटंल."

"कसलं कौतुक, पारूबाई? नाटकातली सासू सुनेला कंपनीत कामाला जाऊ देत न्हाई. मी ऋतिकासंगं तेच केलं. नाटक लिहिलं मी, त्यात सासूचं कामबी मीच केलं."

"अगं बाई! मंग लिहिलं कशाला?"

"शेवटी ती सासू माफी मागती. घरात दोन वर्षं जीभ रेटली न्हाई माझी. माईकम्होरं बोलून गेले."

सोजराबाईंचा फोन वाजला.

"तिचाच हाय. तुम्ही बोला."

"मी कशाला? स्पीकरवर टाका."

"हॅलो, आत्या? ऐकलं मी."

"व्हय?"

"माफी नाटकातल्या सुनेची मागितली का माझी?"

"तुझी गं बाई. तुझीच."



"उद्या रांजणगावच्या कंपनीत माझा इंटरव्ह्यू हाय. पोरीला तुम्ही सांभाळायचं."

"सांभाळते. रोज सांभाळते."

"आन् आत्या, रडायची ॲक्टिंग लई भारी केली."

"ती ॲक्टिंग न्हवती."

"ठाव हाय मला. या घरी, मी जेवायची थांबलीय."

सोजराबाईंनी फोन पिशवीत टाकला.

"पारूबाई, काय खायला हाय का वो तुमच्याकडं? सकाळपासनं चहाबी घशाखाली उतरला न्हवता."