ओव्हनची चौकशी

ओहायोतल्या आमच्या शेजारीणबाई व्हर्ना, वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या ओसरीवर वृद्धसंरक्षण खात्याच्या डेनिसबाई आल्या, तेव्हा मी कुंपणापाशी गवत उपटत होतो. तासभर तेच गवत.

“आजी, तुम्ही ओव्हन बंद करायला विसरता, अशी तुमच्या मुलाची तक्रार आहे. वृद्धाश्रमात हलवा म्हणतो.”

“आधी केक खा.”

“नियम आहे, कुणाकडचं खायचं नाही.”

“ओव्हनची चौकशी आणि केक नको? मग लिहिणार काय, ओव्हन दिसायला सुरेख आहे?”

“बरं, पुरावा म्हणून एक घास.”

“कसा झालाय?”

“करपला नाही, कच्चा नाही. ओव्हन बंद केलात?”

“तू बेल वाजवायच्या आधीच. जा, हात लावून बघ.”

“बघितला मघाशीच, हात धुवायला आत गेले तेव्हा. लिहिते, आजी घरीच राहतील.”

“आणखी एक तुकडा घे.”

“तो मात्र लाच होईल, आजी.”

“अगं, तुला नव्हे! कुंपणापलीकडच्या साक्षीदाराला दे.”