दिसत नाही आणि नाही

— त्या खुर्चीवर नको, पाळकसाहेब, तिच्यावर रंग सांडलाय, पँटला लागला तर जन्मात निघायचा नाही — त्या स्टुलावर बसा. आणि नाकाला रुमाल लावायचा असेल तर खुशाल लावा, इथल्या औषधाचा वासच तसा आहे, नवख्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येतं, बाहेरच्यांना वाटतं आत कुणी रडतंय. हं, तर काय म्हणत होतात — रविवारी साक्ष. माझ्या धाकटीनं चर्चमधल्या मंडळीपुढे साक्ष द्यायची, मी तिच्या शेजारी बसायचं, आणि मग माइक हातात घेऊन म्हणायचं की मी या इस्पितळात गाठी तपासणारी डॉक्टर, एवढं शास्त्र शिकलेली बाई, पण माझ्या सख्ख्या बहिणीचा कॅन्सर कसा गेला हे काही माझ्या शास्त्राला सांगता येत नाही. एवढंच ना? काय पण माफक मागणं आहे! सांगता येत नाही कसं? सर्जननं गाठ कापून काढली, औषधवाल्या डॉक्टरांनी शिरेतून विष सोडलं, तिचे केस गेले, नखं काळी पडली, तोंडाला चव म्हणून राहिली नाही — आणि बरं कुणी केलं, तर तुमच्या शुक्रवारच्या प्रार्थनासभेनं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

नाही, थांबा, मला बोलू द्या — तुम्ही महिनाभर बोललात, मी ऐकलं. हो, ऐकलं तर! ‘विश्वास आणि विज्ञान’, ते तुमचं दर रविवारचं प्रवचन, अगदी शेवटच्या बाकावर बसून ऐकलं, तुमचं लक्ष नव्हतं. देवानं सृष्टी केली ते सहा दिवस म्हणजे सहा युगं. का? तर म्हणे आपण ‘आमच्या दिवसांत असं नव्हतं’ म्हणतो तेव्हा चोवीस तास थोडेच मोजतो? मंडळी खूश, म्हाताऱ्या माना डोलावतायत. अहो, बाईला दिवस गेले असंही म्हणतो आपण, मग काय सृष्टी नऊ महिन्यांत झाली म्हणायची? आणि ती मधमाशी — त्या मधमाशीला तर मी कपाळावर हात मारून घेतला! मधमाशीला नराशिवाय पिल्लू होतं, विज्ञानानं सिद्ध झालंय, मग कुमारी मरियेला का होऊ नये? साहेब, मधमाशीला जमतं म्हणून झालं असेल तर त्यात चमत्कार तो काय उरला, आणि चमत्कारच असेल तर माशीला साक्षीला कशाला बोलावता? म्हणे विश्वास आणि विज्ञान, दोघांचं भांडण नाहीच मुळी. भांडण मिटवायचं तर दोघांचं ऐकून घ्यावं लागतं. तुम्ही देवाला आमच्याकडे हंगामी कामाला लावलंय — आम्हाला कळत नाही तिथं तो, आम्हाला कळलं की त्याची सुट्टी. मी देवाच्या जागी असते तर राजीनामा दिला असता.

हसू नका, गमतीत बोलत नाहीये मी. आमचे वडील याच मंडळीचे पाळक होते, त्यांचा फोटो तुमच्या ऑफिसात लावलाय, बहुतेक कपाटाआड गेलाय. शाळेत असताना मी विचारलं होतं त्यांना — आप्पा, बायबलात सूर्य आकाशात थांबला असं लिहिलंय, तो कसा काय थांबला? ते दाढी करत होते, अर्ध्या गालाला फेस. म्हणाले, मला नाही माहीत बाई, पण तू पेपरात पृथ्वी फिरते असंच लिही, नाहीतर नापास होशील. झालं! ना युगं, ना माशी. तो माणूस गुडघे टेकायचा तेव्हा मलाही टेकावेसे वाटायचे, आणि तुम्ही तोंड उघडलं की — जाऊ दे. वयानं मुलासारखे आहात, फार बोलत नाही.

इकडे या. या हो, चावत नाही ते. मायक्रोस्कोपला दोन तोंडं आहेत, एक शिकणाऱ्यासाठी, तिथं डोळा लावा. चष्मा काढा आधी. दिसलं? काय दिसतंय? जांभळं, हो, आणि मधे गुलाबी. जांभळे आहेत ते पेशींचे गाभे. घोळक्याघोळक्यानं बसलेत, बरोबर. सुंदर? हं. सुंदर तर आहेच, एवढी वर्षं बघतेय, अजून कधी कधी मी हात आवरते आणि नुसती बघत बसते — काय म्हणालात? देवाची कलाकुसर. आलं! मला वाटलंच होतं, येणार म्हणून. बरं, बसा आता, चष्मा घाला.

आता मला एक सांगा. मधे धाकटीचा नमुना तपासायला माझ्याकडे आला तेव्हा मी तिला फोन केला. काय सांगितलं मी? नेमके शब्द? ‘काही दिसत नाही गं.’ आमच्या धंद्यात असंच बोलतात, ‘दिसत नाही’ म्हणतात, ‘नाही’ कधीच म्हणत नाहीत — कारण मी बघते ती एक नखाएवढी चकती, बाई तर केवढी मोठी असते. ती उड्या मारत तुमच्याकडे आली, आणि तुम्ही त्या रविवारी व्यासपीठावरून काय म्हणालात? ‘डॉक्टर म्हणतात, काही नाही!’ टाळ्या. लोक उभे राहिले. अहो, ध चा मा करणाऱ्याला निदान एका अक्षराची मेहनत पडली, तुम्ही तर अख्खा शब्दच गिळलात. आणि कुणी गिळला? तुम्ही! दुसऱ्या कुणी गिळला असता तर समजू शकले असते. तुमचं सगळं दुकान कशावर चालतंय, साहेब? दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे, यावरच ना? देव दिसत नाही, आत्मा दिसत नाही, गेलेली माणसं दिसत नाहीत — पण आहेत, पण आहेत, दर रविवारी घसा सुकेपर्यंत हेच. मग माझ्या तोंडून ‘दिसत नाही’ ऐकल्यावर तेवढ्यापुरते नास्तिक कसे झालात हो? विज्ञानाशी भांडण नाही म्हणे. भांडण नाहीच, तुमच्या सोयीचं बोलेल तोवर.

आणि त्या एका शब्दापायी तिनं पुढची इंजेक्शनं सोडली. मी पाया पडले तिच्या, थोरली असून. म्हणाली, ताई, देवानं बरं केल्यावर पुन्हा सुई टोचून घेणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. तुमचंच वाक्य ना? नाही? मग तिला कुठून सुचलं — ती तर एरवी दुधाच्या पिशवीवरची तारीख मला वाचायला सांगते. तेव्हापासून मी औषधाचं नाव काढलं की फोन ठेवते. मी तिच्या आनंदात विष कालवते म्हणे. माझ्या डोळ्यांत विश्वास नाही म्हणे. लहानपणी तिच्या डोक्यातल्या उवा काढल्यात याच डोळ्यांनी.

तर परवा तिच्या काखेत गाठ लागली. सर्जननं सुई घालून नमुना घेतला, तो माझ्याकडे आला. ती हसत होती — ताई, लिहून टाक, माझं काही नाही. आत्ता तुम्ही बघितलंत ते तेच. हो, तेच. जांभळं, घोळक्याघोळक्यानं. आता म्हणा ना कलाकुसर. म्हणा, मी ऐकतेय!

नका उठू. बसा. तिच्याआधी तुम्हाला सांगतेय, हे नियमात बसत नाही, तरी सांगतेय. शेजारच्या डॉक्टरांनाही दाखवलं, कुणाचं ते न सांगता, तेही तेच म्हणाले. पुन्हा रंगवून बघितलं, उलटं करून बघितलं. शेवटी काय केलं सांगू? तुम्हाला आवडेल. हात जोडले. इथं, या टेबलावर कोपरं टेकून. म्हटलं, नमुन्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली असू दे, हे दुसऱ्या कुणाचं असू दे. दुसऱ्या कुणाचं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी बहिणीचं! असली प्रार्थना, पाळकाच्या मुलीनं. तुमची माशी बरी त्यापेक्षा.

ते सोडा. काम असं आहे की ताबडतोब इंजेक्शनं सुरू केली तर अजून हातात आहे, औषधवाले डॉक्टर छातीठोकपणे सांगतात, आणि ते उगाच धीर देणाऱ्यातले नाहीत. पण ती माझं ऐकणार नाही. तुमचं ऐकेल. म्हणून तुम्हाला आत घेतलं, नाहीतर दारातूनच वाटेला लावणार होते. तुम्ही तिला सांगा, इंजेक्शन घे. कारण काय वाट्टेल ते द्या. देवाची इच्छा आहे म्हणा. औषधही त्याचंच म्हणा, डॉक्टरचा हातही त्याचाच म्हणा, ते तुमचं गोडगोड सगळं म्हणा — मी एका अक्षरानं अडवणार नाही, पाहिजे तर शेजारी बसून मान डोलावते.

काय? प्रार्थना करून ठरवता? ठरवायचं काय आहे त्यात? — मंडळीचं काय? — त्यांचा विश्वास डळमळेल? साहेब, एवढ्याशा गाठीनं डळमळत असेल तर डळमळू द्या! टाळ्या वाजवल्या त्यांना सांगा, माझं चुकलं, मी शब्द खाल्ला. दोन मिनिटांचं काम. — हां, पत्रिका छापल्यात. दुसऱ्या गावचे पाहुणे येणार. म्हणजे माझी बहीण रविवारपर्यंत बरी पाहिजे, असंच ना? सोमवारपासून आजारी पडली तरी चालेल. वा! इतकं स्पष्ट मला आमच्या मायक्रोस्कोपमधूनसुद्धा कधी दिसलं नव्हतं.

— थांबा. फोन. तिचाच आहे. विचारणार, ताई, झालं का गं लिहून. घ्या. घ्या ना, तुम्हीच बोला, तुमचा आवाज ऐकला की ती शांत होते. नुसतं म्हणा, मी तुझ्याकडे येतोय. एवढं तरी म्हणा. — अहो, हात मागे काय घेताय? महिनाभर बोलायचं थांबला नाहीत, आणि आता — राहू दे. मीच घेते फोन. आणि दार उघडंच आहे तुम्हाला.

हॅलो — हो गं, मीच. — कोण? कुणी नाही. एकटीच आहे इथं. — हो, बघून झालं. — नाही, फोनवर नाही. घरातच थांब तू, मी निघालेच. — ऐक — ऐकतेयस ना? मी आहे ना.