एका पाण्यानं धुतलेल्या बाटल्या

या समारंभाचे अध्यक्ष, संस्थेचे सचिव माननीय किशनराव. व्यासपीठावरील प्राचार्य आणि सहकारी प्राध्यापक. ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो ते रसायनशास्त्र विभागाचे प्रयोगशाळा परिचर दस्तगीरभाई, त्यांच्या पत्नी हाजराबी, आणि सभागृहातील माझ्या विद्यार्थ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. तीन पानं लिहून आणली होती. एकतीस वर्षांची सेवा, कधी रजेचा वाद नाही, वगैरे. ती खिशातच राहू द्या. आज सकाळी साडेनऊला नांदेडहून सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रं आली आणि तेव्हापासून मी हादरलेला आहे. अध्यक्षमहोदय, वेळ थोडा जास्त घेईन.

आमच्या प्रयोगशाळेत सिलिकाचे सच्छिद्र कण बनतात. सिलिका म्हणजे वाळूचंच कूळ. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी घेऊन त्यात साबणाच्या जातीचं एक रसायन टाकायचं. त्याच्या रेणूंचे पुंजके होतात, पुंजक्यांभोवती सिलिका बसते. मग भट्टीत भाजायचं. विटेतला भुसा जळून भोकं राहतात ना, तसंच. त्या भोकांत औषध भरता येतं. कण हरभऱ्यासारखा गोल होणार की जिऱ्यासारखा लांब, हे त्या साबणी रसायनावर ठरतं: किती घेतलं, त्यात दुसरं काय मिसळलं. हे मी वीस वर्षं शिकवत आलो. शिकवत आलो, लक्षात घ्या!

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात माझी संशोधक विद्यार्थिनी अर्शिया हिचे कण लांब आले. सलग चार वेळा. माझ्या कृतीनं ते गोलच यायला हवे होते. पावसाळ्यानंतर मी स्वतः करून पाहिलं, गोल. तिनं पुन्हा केलं, तेही गोल. मी काय निष्कर्ष काढला? पोरीनं दुसऱ्या कुणाची छायाचित्रं आपली म्हणून लावली! याच सभागृहात, याच माईकवरून मी सत्यनिष्ठेवर अर्धा तास बोललो. वक्ता म्हणून माझा लौकिक आहे ना! शेवटी विचारलं, "अर्शियाबाई, हे जिरं प्रयोगशाळेतलं की स्वयंपाकघरातलं?"

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. तिनं संशोधन सोडलं. आज ती बिलोलीत दहावीच्या शिकवण्या घेते.

दहा दिवसांपूर्वी दस्तगीरभाई नव्या परिचर साखराबाईंना काम समजावून देत होते. मी शेजारच्या खोलीत होतो.

"भाई, एका पाण्यानं भागतंय की. तीन-तीनदा कशाला खळबळायचं?"

"न्हाई बाई. ही प्लास्टिकची बाटली लई चिवट हाय, एका पाण्यात साबण सोडत न्हाई. त्या टँकरच्या साली पाणीच नव्हतं, एकावर भागवलं मी. अन् अर्शियाबेटीचं सगळं बिघडून बसलं."

"मग सरांना सांगायचं न्हाई का?"

"सांगायला गेलतो की."

मित्रहो, मला आठवलं. हो, ते आले होते! त्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभे राहून म्हणाले होते, "सर, उन्हाळ्यात बाटल्या..." वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. म्हणालो, "दस्तगीर, तुम्ही बाटल्या धुवा. रसायनशास्त्र आम्ही बघतो."

दहा दिवसांपूर्वी ते बोलणं कानावर पडलं, त्याच दिवशी मी दहा बाटल्या स्वतः साबणानं घासल्या. पाच एका पाण्यानं धुतल्या, पाच तीन पाण्यांनी. कृती तीच. आजची छायाचित्रं सांगतात: तीन पाण्यांच्या पाचही बाटल्यांत हरभरा, एका पाण्याच्या पाचही बाटल्यांत जिरं. धुण्याचा साबण तळाशी राहत होता, आमच्या रसायनात मिसळत होता आणि कणाला लांब करत होता. लांब कण बनवायची नवी वाट त्या मुलीच्या हाती लागली होती. ती कशामुळे लागली, ते तिला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, त्यांना मी बाटल्या धुवायला पाठवलं.

विज्ञान म्हणजे प्रश्न विचारणं, असं गावोगावी गर्जत फिरलेला माणूस मी. माझ्या दारातल्या माणसाला एक प्रश्न मला विचारता आला नाही? "बाटल्यांचं काय, भाई?" एवढाच!

विद्यापीठाला मी दुपारीच पत्र पाठवलं आहे: आरोप खोटा होता, तो मी केला होता, शोध अर्शियाचा आहे. त्याआधी तिला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, फोनवर नका सांगू. जिथं सगळे हसले होते, तिथं सांगा."

पहिल्या रांगेत हाजराबी मघापासून फोन उंच धरून बसल्या आहेत. नवऱ्याच्या सत्काराचं चित्रण चाललंय, असं तुम्हाला वाटलं असेल. त्या फोनवर बिलोलीहून अर्शिया हे ऐकते आहे. अर्शिया, तुझे कण खरे होते. मी खोटा होतो. क्षमा करायची की नाही, हे तू ठरव. मी घाई करणार नाही.

अध्यक्षमहोदय, वेळ दिलात, आभारी आहे. श्रोतेहो, तुमचेही आभार. आज टाळ्या मात्र नकोत. समारंभाचा रसभंग झाला असेल, तो पोटात घाला.

कार्यक्रमपत्रिकेत दस्तगीरभाईंचं मनोगत नाही. एकतीस वर्षं या सभागृहात माईक त्यांनी लावला आणि बोललो आम्ही. भाई, इकडे या. ते दारातलं वाक्य पुरं करा. मी खाली बसून ऐकतो.